‘माया फोटो झाला हाय’

मानोऱ्यात माझं फोटोचं दुकान आहे. शटरच्या आत दहा बाय बाराची खोली, भिंतीला निळा पडदा, समोर एक स्टूल. ऊसतोडीला निघालेली तांड्यावरची माणसं, भरतीचा फॉर्म भरणारी पोरं, लग्नाच्या बायोडाट्यासाठी आलेल्या मुली, सगळे त्या स्टुलावर श्वास रोखून बसतात आणि मी त्यांना ‘मान जरा डावीकडे’ असं सांगतो. इतक्या अधिकारानं सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावं या माणसाला फोटोतलं काहीतरी कळतं. घरच्यांना मात्र खरं माहीत आहे. ज्याला सख्ख्या बापाचा एक पुरा फोटो काढता आला नाही, त्यानं दुकानावर पाटी कशाला लावावी, असं आई मला तोंडावर विचारत आली आहे.

याची सुरुवात एका कोहळ्यापासून झाली.

आमचं वावर गावाला लागून. दीड एकरात बाबा वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायचे आणि बाजाराच्या दिवशी मानोऱ्याला आणून विकायचे. त्या वर्षी विहिरीजवळच्या वेलाला एक कोहळं असं धरलं, की ते उचलायला दोन माणसं लागली. बाबांनी ते तालुक्याला भरलेल्या शेतमालाच्या प्रदर्शनात नेलं. दुसरा नंबर आला. पहिला धनजच्या एका माणसाच्या कोहळ्याला. बाबांचं आजही म्हणणं आहे, की परीक्षकांनी धनजचं कोहळं वरून पाहिलं आणि आमचं बाजूनं, नाहीतर आमचंच मोठं होतं.

मी तेव्हा बारावीत आपटी खाऊन कारंज्याच्या एका स्टुडिओत काम शिकत होतो. स्टुडिओच्या मालकांना आम्ही उस्ताद म्हणायचो. त्यांनी त्यांचा लहान कॅमेरा मला एका दिवसासाठी दिला आणि बजावलं, “रोलमंदी एकच फोटो उरला हाय. वाया घालवू नको.”

तो रोलचा कॅमेरा होता. भिंगातून आरपार दिसायची त्यात सोय नव्हती. भिंगाच्या वर, कोपऱ्यात, बोटाच्या पेराएवढी एक वेगळी काच होती. तिचं खरं नाव व्ह्यूफाइंडर. आम्ही खिडकी म्हणायचो. डोळा लावायचा खिडकीला, फोटो निघायचा भिंगातून. म्हणजे बघणारा एक आणि काढणारा दुसरा. लांबची मिरवणूक, देऊळ वगैरे असलं तर काही बिघडत नसे. पण माणूस जवळ असला, की खिडकी जरा वरचं दाखवते आणि भिंग जरा खालचं घेतं. म्हणून त्या काचेवर वरच्या बाजूला दोन बारीक रेघा असतात. जवळच्या माणसाचं डोकं त्या रेघांच्या खाली ठेवायचं, एवढंच. उस्तादांनी हे मला दोनदा समजावलं होतं. मी दोन्ही वेळा मान डोलावली होती. ऐकताना मान डोलावायची आणि नंतर आपल्या मनाचं करायचं, ही माझी शिकायची पद्धत होती. त्या रेघा मला शोभेच्या वाटल्या.

फोटोसाठी बाबांनी पांढरा सदरा घातला. त्याचा खिसा एका कोपऱ्यात उसवलेला होता. आई सुई-दोरा घेऊन धावली, तर म्हणाले, “राहू दे, खिसा कोन पाह्यते फोटोत?” मग त्यांनी शेजाऱ्याच्या मदतीनं कोहळं छातीशी उचललं आणि विहिरीपाशी उभे राहिले. कोहळं मोठं दिसावं म्हणून मी अगदी जवळ गेलो. खिडकीत सगळं बरोब्बर बसलं. खाली कोहळं, वर बाबांच्या टोपीचं टोक चौकटीला टेकलेलं. एवढी सुंदर चौकट आपल्याला जमली, याचंच मला कौतुक वाटत राहिलं.

“लवकर काढ ना बे, हात भरून आले,” बाबा म्हणाले.

मी खटका दाबला. जन्मात एकदाच दाबायचा असल्यासारखा, अंगातला सगळा जोर लावून.

दुसऱ्या दिवशी कोहळं चिरलं. आमच्याकडे अख्ख्या कोहळ्यावर बाई पहिला घाव घालत नाही, तो गड्यानंच घालायचा असतो. बाबांनी घातला. शेजारीपाजारी फोडी वाटल्या, घरी दोन दिवस भाजी झाली आणि बिया राखेत घोळून ठेवल्या. रोल धुऊन यायला दहा दिवस लागले.

फोटोत कोहळं अप्रतिम आलं होतं. त्यावरची पांढरी भुकटीसुद्धा दिसत होती. ते धरणारे हात दिसत होते, हातांवरच्या तटतटलेल्या शिरा दिसत होत्या, उसवलेला खिसा दिसत होता. वर मान होती, मानेच्या वर थोडीशी हनुवटी होती. तिथं कागद संपत होता.

उस्तादांनी फोटो उलटासुलटा करून पाहिला. “निम्मं मुंडकं खिडकीनं खाल्लं आन निम्मं तुया बोटानं. इतल्या जोरानं खटका दाबते काय कोनी? कॅमेऱ्यानं मान टाकली ना खाली.” मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. “आन तो डावा डोया कायले मिटतं? उघडा ठेवत जाय. खिडकीत तेवढीच चौकट दिसते. बाजूनं कोन येऊन राह्यलं, कोन जाऊन राह्यलं, ते दुसऱ्या डोयानं पाहा लागते.” मी मान डोलावली.

घरी बाबांनी फोटो दाराच्या उजेडात नेऊन बघितला. “कोहयं साजरं आलं,” ते म्हणाले. मग जरा वेळानं, “मी कुठी गेलो?”

मी म्हटलं, दुसरा काढतो. ते म्हणाले, “कोहयं आन मंग.”

रागावले असते तर बरं झालं असतं. पुढच्या बाजाराला त्यांनी त्या फोटोला काच-चौकट करून आणली आणि बैठकीत, दारातून आत आलं की पहिली नजर पडेल अशा जागी टांगली. येणारा-जाणारा विचारायचा, “कोहयं तं जबरदस्त हाय, पन धरून कोन उभं हाय?” बाबा शांतपणे म्हणायचे, “मीच. हा खिसा पाह्य ना, उसवलेला हाय.” मग पुढचा प्रश्न यायचा, की फोटो काढला कोणी. आणि सगळी बैठक माझ्याकडे वळायची.

त्या दिवसापासून मी कॅमेरा उचलला, की बाबा हाताचा पंजा पुढे धरून म्हणायचे, “माया फोटो झाला हाय.”

पहिली दोन-तीन वर्षं ही गंमत होती. पुढं पंचवीस वर्षं ते हेच म्हणत राहिले.

त्या एका मुंडक्याची दहशत माझ्या मनात अशी बसली, की दुकान टाकल्यावर मी लोकांच्या डोक्यावर वारेमाप जागा सोडायला लागलो. नवरा-नवरी तळाशी, वर सगळा मांडव. एका नवरदेवाच्या काकांनी अल्बम पाहून माझ्या पाठीवर थाप मारली, “वा, पंखा लय भारी आला!” मोबाइल आल्यावर नातवंडांनी प्रयत्न केले, पण बाबांचा पंजा सगळ्यांना सारखाच होता. त्यांच्या तळहाताचे आमच्याकडे इतके फोटो आहेत, की एखादा ज्योतिषी त्यावर वर्षभर बसून खाईल. मी त्यांना वांग्याच्या ओळींत दडून टिपायला गेलो, तर त्यांनी पाठ फिरवली आणि पाठमोऱ्यानंच म्हणाले, “झाला हाय.” एकदा दुपारी ते खाटेवर झोपले असताना मी हळूच कॅमेरा काढला. आई स्वयंपाकघरातून धावत आली. “झोपल्या मानसाचा असा फोटो काढतेत काय? लाज वाटू दे जराशी!” खिडकीतून मलाही ते गेल्यासारखेच दिसले होते, ते बघवलं नव्हतं. मी कॅमेरा ठेवून दिला.

कारण माझ्या धंद्यात एक काम असं आहे, जे मला मनापासून आवडत नाही आणि जे दर महिन्याला येतं. घरातलं म्हातारं माणूस गेलं, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी मुलगा दुकानात येतो, खिशातून आधार कार्ड काढतो आणि म्हणतो, “याच्यावरून मोठा करून द्या.” दुसरा फोटोच नसतो. मी तो स्कॅन करतो, मोठा करताना फुटलेला चेहरा घासूनपुसून गुळगुळीत करतो आणि घरच्यांची हौस म्हणून कॉम्प्युटरवर कोट-टाय चढवतो. आयुष्यभर ज्यानं बंडीच्या वर काही घातलं नाही, तो माणूस हार घालून घेताना साहेब होऊन भिंतीवर जातो. असे किती साहेब मी बनवले, याची मोजदाद नाही. बाबांनी पंच्याहत्तरी ओलांडली तेव्हापासून मला धास्ती बसली होती, की एक दिवस आधार कार्ड घेऊन येणारा मुलगा मी असेन आणि दुकानदारही मीच असेन.

तोवर मी नवा कॅमेरा घेतला होता. नवा म्हणजे अमरावतीच्या एका फोटोग्राफरनं वापरून विकलेला. यात आत आरसा असतो आणि जे भिंगाला दिसतं तेच खिडकीत दिसतं. उस्ताद आता थकले आहेत, पण त्यांनी तो हातात घेऊन खिडकीला डोळा लावला आणि म्हणाले, “आता ही खिडकी मुंडकं खानार नाई. बोटाचं तू पाह्य.” मी निर्धास्त झालो. सोबत आलेलं माहितीचं पुस्तक कॉम्प्युटरच्या डुगडुगत्या टेबलाखाली लावलं. डावा डोळा मात्र मिटायचाच राहिला. तो मिटताना माझं तोंड असं काही वाकडं होतं, की समोरची माणसं आपोआप हसतात. माझ्या फोटोतली माणसं प्रसन्न दिसतात असं लोक म्हणतात, त्यामागे एवढीच कला आहे.

गेल्या उन्हाळ्यात इंझोरीला भाचीचं लग्न होतं. मामा म्हणून नवरीच्या पाठीशी उभं राहायचं आणि फोटोग्राफर म्हणून तिच्या समोर, अशी माझी धावपळ चालली होती. अक्षता पडल्या, जेवणाच्या पंगती सुरू झाल्या आणि मी सगळ्या घराला स्टेजवर बोलावलं. बहीण, मेहुणे, आई, भावकी, लेकरंबाळं, सगळे दोन रांगांत उभे राहिले. मधोमध, आईच्या शेजारी, मी मुद्दाम एका माणसाची जागा मोकळी ठेवली.

बाबा आचाऱ्यापाशी होते. पंगतीच्या भाजीला वांगी त्यांच्याच वावरातली होती, त्यामुळे भाजीत तेल किती पडतं यावर त्यांचं लक्ष होतं. बहिणीनं हाक मारली. भाचीनं हाक मारली, “आबा, या ना!” ते स्टेजच्या कडेपर्यंत आले, मोकळी जागा पाहिली, माझ्या हातातला कॅमेरा पाहिला आणि पंजा पुढे केला.

“माया फोटो झाला हाय.”

सगळा मांडव हसला. कोहळ्याची गोष्ट आमच्या सगळ्या गोतावळ्यात पाठ आहे. माझ्या जागी दुसरं कोणी असतं तर तेही हसलं असतं. पण मी पहाटेपासून उभा होतो, घामानं चष्मा घसरत होता आणि ती मोकळी जागा मला खिडकीतून दिसत होती. माझं डोकं फिरलं.

“मंग राहू द्या!” मी ओरडलो. “तुमी गेल्यावर आधार कार्डावरून काढीन मोठा करून! कोट घालून!”

लग्नाचा मांडव, अंगावर अजून अक्षता, आणि घरचा मोठा मुलगा बापाला मरणाचं बोलला. “अरे बाप्पा,” मागून कोणीतरी पुटपुटलं. आईनं पदर सारखा केला आणि खाली बघायला लागली. बाबांनी पुढे केलेला पंजा खाली घेतला. वळले आणि स्टेजच्या कडेला लावलेल्या कनातीच्या मागे निघून गेले.

फोटोग्राफरला एक सोय असते. तोंड लपवायचं झालं, की कॅमेरा वर उचलायचा. लोकांना वाटतं काम चाललंय. मी खिडकीला डोळा लावला, दुसरा घट्ट मिटला. काचेवर वाफ धरली होती, चष्म्यावर घाम होता. रांगा हलवून ती मोकळी जागा भरून घ्यायला सांगितली आणि लागोपाठ तीन फोटो काढले. तिसऱ्याच्या वेळी काही जण मोठ्यानं हसले. मला वाटलं, नेहमीप्रमाणे माझ्या तोंडाला.

पाठवणीच्या आधीच बाबा कोणाच्या तरी गाडीनं गावी निघून गेले. मी पंधरा दिवस गावाकडे फिरकलो नाही. दहा किलोमीटरचं अंतर, पण पाय उचलेना. आई फोनवर जेवलास का एवढंच विचारायची. त्या विषयावर ती एक शब्द बोलली नाही. आई गप्प बसली म्हणजे मी किती खाली उतरलो होतो, ते मला कळत होतं. रात्रंदिवस एकच वाटायचं, की आता बाबांचा फोटो तर राहोच, पण त्यांच्यासमोर उभं कसं राहायचं?

मग अल्बमचं काम काढावंच लागलं. दुकानात स्टुलावर एक जण पासपोर्ट फोटोसाठी ताटकळला होता. त्याला पाच मिनिटं थांब म्हणून मी स्टेजवरचा तो ग्रुप फोटो उघडला. उजव्या कडेला लाल-पिवळ्या कनातीची एक पट्टी आली होती. मी चकित झालो. खिडकीत तर ही नव्हती! मग टेबलाखालचं पुस्तक ओढून काढलं. टेबल डुगडुगलं, पण ज्ञान मिळालं. माझ्या कॅमेऱ्याची खिडकी पूर्ण फोटो दाखवतच नाही. चारी कडांचं थोडं थोडं ती सोडून देते, आणि फोटोत मात्र ते येतं. त्यातून माझ्यासारखा चष्मेवाला, ज्याचा डोळा काचेपासून लांबच राहतो, त्याला तर कडा जवळजवळ दिसतच नाहीत. पहिली खिडकी फोटोत नसलेलं दाखवायची, ही फोटोत असलेलं लपवत होती. दोन्हींवर मी डोळा मिटून भरवसा ठेवला होता.

कनात कापायला म्हणून मी तो भाग मोठा केला. पहिल्या फोटोत नुसती कनात होती. दुसऱ्यात कनातीच्या कडेला चार बोटं होती, कापड धरलेली. तिसऱ्यात कापड बाजूला सरलं होतं आणि फटीतून एक डोकं बाहेर आलं होतं.

बाबा होते. पांढरी टोपी, बारीक झालेले डोळे, खालचे दोन दात पडलेलं तोंड उघडं टाकून खळखळून हसणारे. ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. कॅमेऱ्याच्या जरासं वर बघत होते. तिथं मी होतो.

मला रडू फुटलं. हुंदके देऊन रडलो, स्क्रीनकडे बघत. स्टुलावरचा माणूस घाबरून उठला. “भाऊ, माया फोटो इतला खराब आला काय?”

त्याचा फोटो मी फुकट काढून दिला. मग ते डोकं तेवढं कापून मोठं केलं, छापलं आणि शटर ओढून गावी गेलो. बाबा ओट्यावर सांबाराच्या जुड्या बांधत होते. मी फोटो त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी हात धोतराला पुसले, चष्मा लावला आणि खूप वेळ पाहिलं.

“मायंच डोस्कं हाय,” ते म्हणाले.

“बाबा, हासत कायले होते?”

“तुयं तोंड पाहून. लहानपनी औषध पेतांना करे, तसंच तोंड करतं तू डोया मिटला का. त्यात तुया डोयातून पानी येऊन राह्यलं. मले वाटलं, याचा फोटो काढा लागत होता कोनी तरी.”

मी म्हटलं, “म्या तुमाले तसं बोलायले नोतं पायजे.”

“बोलला तं बोलला.” त्यांनी एक जुडी बांधून बाजूला ठेवली. “कोट मात्र घालू नको मले. गरम होते.”

ते उठले, बैठकीत गेले आणि कोहळ्याची जुनी चौकट खिळ्यावरून काढून घेऊन आले. दुपट्ट्यानं काच पुसली आणि दोन्ही फोटो ओट्यावर एकाखाली एक ठेवले. वर डोकं, खाली धड.

“तव्हा डोस्कं नोतं, आता धड नाई,” ते म्हणाले. “दोन्ही जोड, झाला तुया बाप पुरा.”

डोकं मी जरा हौसेनंच मोठं छापलं होतं, ते खालच्या कोहळ्याएवढं झालं होतं. आई म्हणाली, असंच राहू दे, शोभते. मी मानोऱ्याहून चौकट करून आणली, भिंतीवर जुन्या खिळ्याच्या वर दुसरा खिळा ठोकला आणि दोन्ही फोटो लावले. डोकं मानेवर बरोबर बसलं पाहिजे म्हणून मागे सरलो, डावा डोळा मिटला आणि अंगठा पुढे धरून सरळ रेघ बघायला लागलो.

बाबा मागे दारात उभे होते.

“दोन्ही डोये उघडून पाह्य ना बे,” ते म्हणाले.